परटाच्या डाळिंबीची कहाणी

बायांनो, हातात पाच पाच दाणे घ्या. डाळिंबाचे मिळाले तर डाळिंबाचे, नाही मिळाले तर तांदळाचे. मूठ मिटा. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही, मध्ये उठायचं नाही. हुंकार मात्र द्यायचा, म्हणजे कोण जागं आहे ते मला कळेल.

ऐक फळाई, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराखाली नदी होती. नदीच्या काठी परटाचं घर होतं. नगरात राजाही होता, पण राजाचं आपल्याला आज काम नाही. त्याचा अंगरखा परटाकडे धुवायला यायचा, एवढीच त्याची आणि आपल्या कहाणीची ओळख.

घरात सटवाजी परीट होता, त्याची बायको धुरपदा होती, दोन मुलगे होते, दोन सुना होत्या. थोरली गजरा, धाकटी येसू. सगळं घर पाण्यात. सकाळी पाणी, दुपारी पाणी, दिवेलागणीला पाणी. डाग पडला, धुवा. भांडण झालं, तोंड धुवा. ताप आला, कपाळावर ओलं फडकं ठेवा. पाण्यानं जात नाही असं दुखणंच त्या घराला ठाऊक नव्हतं.

धाकटी येसू लांबची. दोन दिवसांची वाट, मध्ये घाट. बाप नव्हता, आई एकटी. लग्नात द्यायला आईजवळ सोनं नव्हतं, रुपं नव्हतं. मग तिनं काय केलं? परसातल्या डाळिंबीची एक फांदी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली, लेकीच्या ओटीत घातली. म्हणाली, "बाई येसू, ही सासरच्या परसात लाव. हिला फळ लागलं की फळ घेऊन मला भेटायला ये."

आई बोलली ते मायेनं. सासूनं ऐकलं ते नेमानं. येसूनं फांदी लावली, फांदीनं मुळं धरली. पहिली पंचमी आली. येसूनं विचारलं, "आत्याबाई, माहेरी जाऊ का?" सासू म्हणाली, "जा की. फळ लागलं का?" येसू म्हणाली, "अजून नाही." सासू म्हणाली, "मग कशी जाशील? तुझ्या आईचा शब्द आहे, फळ घेऊन ये. रित्या हातानं गेलीस तर लोक म्हणतील, परटाच्या घरी काठीसुद्धा जगत नाही."

धुरपदा काही दुष्ट नव्हती हो. सुनेला पोटभर वाढायची, न्हाण्याच्या दिवशी स्वतः डोक्याला तेल लावायची. पण एकदा नेम धरला की धरला. दुसरी पंचमी आली, येसूनं विचारलं, सासूनं विचारलं, "फळ लागलं का?" तिसरी पंचमी आली, तेच विचारणं, तेच सांगणं. चौथीही तशीच गेली. गल्लीतल्या लेकी माहेरी गेल्या, झोके खेळल्या, हात रंगवून परत आल्या. येसू दगडावर लुगडी आपटत राहिली.

आणि डाळिंबाचं झाड कसं होतं म्हणाल? हिरवंगार. कपडे उकळायच्या भट्टीच्या मागं, न्हाणीच्या शेजारी. जो येईल तो तिथं पाणी ओती. सासू चूळ तिथं भरी, गजरा तांदळाचं धुवण तिथं टाकी, येसू तर जाता येता घागर रिकामी करी. डोळे भरले की म्हणे, "पी ग बाई, पोटभर पी, माझ्या आईची तू." झाड प्यायलं. झाडाला पानं आली, पानांवर पानं आली. वर्षातून चार फुलं यायची, लाल व्हायची आणि टपकन गळायची.

पाचव्या पंचमीला सटवाजी परसात उभा राहिला. नगर वाढलं होतं, बोचकी वाढली होती, एक भट्टी पुरेना. त्यानं झाडाकडे बघितलं, जागा पावलांनी मापली आणि म्हणाला, "सूनबाई, पाच वर्षं झाली. हे झाड पाणीच पितंय आणि पानंच देतंय. इथं मी दुसरी भट्टी रचणार." झाड गेलं की फळ गेलं, फळ गेलं की माहेर गेलं. पदर पसरून म्हणाली, "मामंजी, एक वर्ष द्या. पुढच्या पंचमीला फळ दिसलं नाही तर मीच कुऱ्हाड आणून देईन." सटवाजीनं मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "दिलं. परटाचा वायदा आहे. पंचमीच्या आधी झाडाला हात लावणार नाही, पंचमीच्या नंतर थांबणार नाही."

मग एके दिवशी काय झालं? येसू नदीवर धुणं धूत होती. पलीकडच्या काठी पाचसात बाया बसल्या होत्या. मध्ये एक म्हातारी, पांढरे केस, मळकं लुगडं. समोर फळं मांडलेली, कुणाच्या हाती आंबा, कुणाच्या हाती पेरू. येसूनं हाक मारली, "बायांनो, बायांनो, काय वसा वसता?" म्हातारी म्हणाली, "फळाईचा वसा वसतो." "त्यानं काय होतं?" "रुसलेलं झाड फळतं." येसू म्हणाली, "मला सांगा, मी वसते." म्हातारी म्हणाली, "तुला कशाला सांगू? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील." येसू म्हणाली, "आजी, उतायचं काम आमची भट्टी करते. मी उतत नाही, मातत नाही. सांगा."

म्हातारीनं तोंडाशी हात नेला आणि सांगितलं. पण मध्ये नदी. इकडे येसूचा नवरा चादर आपटतोय, धप्, धप्, धप्. तिकडे थोरला दीर आपटतोय, धप्, धप्, धप्. येसूच्या कानावर आलं ते असं: "आधी न्हाण, मग खाण, शेवटी वाण."

येसूला सगळं पटलं. का नाही पटणार? आधी न्हायचं, मग खायचं, मग वाण द्यायचं. जगाची रीतच ती. ती धावत घरी गेली.

मग तिनं डाळिंबीला न्हाण घातलं. पाणी तापवलं, कोमट केलं, रिठे फोडले, फेस काढला. खोड चोळलं, फांद्या चोळल्या, पानं एकेक करून पुसली. मग वर सात घागरी गार पाणी ओतलं. असं रोज. भादव्यात रोज, आश्विनात रोज, कार्तिकात रोज. दिवाळीला उटणं लावलं, ओवाळलं. मग खाण दिलं. दहीभात दिला, गूळपोळी दिली, सणाला पुरण दिलं. मुंग्या आल्या, वाटेवरच्या शेळ्या आल्या, शेजारच्या कोंबड्या आल्या. फळाई आली नाही. मग वाण दिलं. पाच सवाशिणी बोलावल्या आणि फळ नव्हतं म्हणून पाच पाच पानं त्यांच्या ओटीत घातली. सवाशिणी तोंडाला पदर लावून हसत हसत घरी गेल्या.

हसू नका. तुमच्यातल्या दोघींनी गेल्या वर्षी तुळस पाणी घालून घालून कुजवली, मला नावं माहीत आहेत.

झाडाचं काय झालं? माजलं. पानं इतकी दाटली की त्याखाली दोरीवरची धोतरं वाळेनात. बुंध्यातून कोंबच कोंब फुटले. फूल एक नाही. गजरा म्हणाली, "जाऊबाई, आता त्याला एक लुगडं नेसवा म्हणजे झालं." येसू हसली नाही. मार्गशीर्ष लागला होता, वर्षातले चार महिने संपले होते.

मग एके दिवशी येसू भांड्यावर राग काढावा तशी धुण्यावर राग काढत होती. मागून कुणी म्हणालं, "पोरी, माझं एवढं लुगडं धुऊन देशील का?" बघते तर तीच म्हातारी, तेच मळकं लुगडं हातात, अंगाभोवती घोंगडी गुंडाळलेली. येसू म्हणाली, "द्या आजी." तिनं लुगडं भिजवलं, चिखलाचा डाग काढला, तेलाचा डाग काढला, फळाच्या चिकाचा डाग काढला. चिकाचा डाग निघत नाही म्हणतात, तिनं तो काढला. लुगडं दुधासारखं झालं. झुडपावर वाळत घातलं आणि मग मात्र तिचा बांध फुटला.

म्हणाली, "आजी, तुमच्या फळाईला माझा निरोप सांगा. न्हाऊ घालून घालून माझ्या हाताची सालं निघाली. झाडाला पुरण भरवलं, गल्लीत हसं झालं. फळ नाही ते नाही. पंचमीला कुऱ्हाड पडेल आणि माझी आई वाट बघता बघता जाईल."

म्हातारी म्हणाली, "काय घालून?"

"न्हाऊ घालून."

"न्हाऊ कुणी घालायला सांगितलं?"

"तुम्हीच. आधी न्हाण, मग खाण, शेवटी वाण."

म्हातारी आधी बघत राहिली, मग हसली, मग इतकी हसली की घोंगडी सावरेना. म्हणाली, "अग माझ्या परटिणी! तुझ्या कानात सगळं पाणीच. मी म्हटलं ताण. आधी ताण, मग खाण, शेवटी वाण."

येसू म्हणाली, "ताण म्हणजे काय?"

म्हातारी म्हणाली, "पाणी तोडायचं. आज तोडलंस की पौष सरेपर्यंत थेंब घालायचा नाही. तुझं झाड सुखावलंय. रोज पाणी, रोज पान, त्याला फळाची आठवण कशाला होईल? पाणी तुटलं की पानं पिवळी पडतील, गळतील, काठ्या उरतील. तुला वाटेल मेलं. मरत नाही. आतल्या आत बहार धरतं. तू रडशील. रड, पण झाडापाशी रडू नकोस, तेवढंही पाणी नको."

"मग खाण?"

"माघात बुंध्याची माती वीतभर उकर, मुळांना ऊन दाखव. बुडाचे कोंब काढ, आतली दाटी छाट. मग खाण घाल. पुरण नव्हे हो. दारात गाढवं आहेत, लीद घाल. भट्टी आहे, राख घाल. मग पाणी दे, पण नेमानं, एका दिवसाआड एक घागर. आज सात आणि उद्या कोरडं असं केलंस तर फळ तडकेल."

"आणि वाण?"

"वाण दोनदा. पहिलं वाण धरणीला. जिथं तीन फळं चिकटून धरतील तिथं एक ठेव, दोन काढून मातीला दे. दुसरं वाण माणसांना, पिकल्यावर." एवढं सांगून म्हातारीनं लुगडं उचललं. येसूनं वाकून नमस्कार केला, मान वर केली, तर काठावर कुणी नाही. लुगडं नाही, घोंगडी नाही. दगडावर डाळिंबाचा एक दाणा तेवढा पडलेला.

मग येसूनं ताण दिला. दुसऱ्याच्या घरी ताण देणं सोपं असतं. परटाच्या घरी जो तो तांब्या घेऊन फिरतो. येसूनं झाडाभोवती मातीचा बांध घातला. सासूची चूळ अडवली, गजराचं धुवण अडवलं, नवऱ्याची बादली वरच्या वर धरली. आणि सगळ्यात अवघड काय अडवलं? स्वतःचा हात. सकाळी उठली की हात घागरीकडे जायचा. मग ती हात पदरात गुंडाळायची आणि भट्टीपलीकडे जाऊन रडायची.

आठ दिवस झाले, पानं मलूल झाली. पंधरा दिवस झाले, पानं पिवळी झाली. महिना झाला, पानं गळाली. गजरा म्हणाली, "मारलंत ना झाड? काल न्हाऊ घालत होतात, आज पाणी तोडलंत. हे कसलं प्रेम?" सासू म्हणाली, "येसू, तहानेल्याला पाणी न देणं पाप आहे, एक तांब्या तरी घाल." येसू म्हणाली, "आत्याबाई, तुमचे पाय धरते, नका घालू." सटवाजी कुऱ्हाडीला धार लावत बसला. म्हणाला, "सूनबाई, काठ्याच उरल्यात. आता पंचमीची वाट कशाला बघायची?" येसू म्हणाली, "मामंजी, राजाचा अंगरखा गुरुवारी देऊ म्हणता, तो बुधवारी मागितला तर देता का?" सटवाजीनं कुऱ्हाड खाली ठेवली. "नाही देत," म्हणाला.

पौष सरला. माघ लागला. येसूनं माती उकरली, मुळांना ऊन दाखवलं. बुडाचे कोंब काढले, आतली दाटी छाटली. छाटताना दर फांदीला म्हणाली, "लागत नाही ना ग?" मग लीद घातली, राख घातली, माती ओढली आणि पहिली घागर ओतली. मातीनं चर्रकन पाणी ओढून घेतलं.

चार दिवस झाले, काही नाही. आठ दिवस झाले, काही नाही. बाराव्या दिवशी सासूनं हाक मारली, "येसू, ये बघू इकडं. माझे डोळे म्हातारे झालेत, हे लाल काय आहे?" काड्यांवर तांबूस कोंब फुटले होते. आधी पालवी आली, मग कळ्या आल्या, मग फाल्गुनात डाळिंबी फुलली. पानं कमी आणि फुलं जास्त. शिमग्याला वेगळा रंग कालवायची गरज पडली नाही, असं सटवाजी सगळ्यांना सांगत सुटला. गजरा दिवसातून तीनदा परसात यायची आणि म्हणायची, "मी आपलं धुणं बघायला आले."

चैत्रात फुलांच्या बुडाशी फळं धरली. सुपारीएवढी. जिथं बघाल तिथं तीन तीन चिकटलेली. बावीस घोस. येसूला आजीचा शब्द आठवला. पाच वर्षं एका फळासाठी डोळे लावून बसलेल्या बाईनं स्वतःच्या हातानं फळं काढायची. बोलायला सोपं आहे. येसूनं पहिल्या घोसाला हात लावला, हात मागं घेतला. दुसऱ्यांदा लावला, मागं घेतला. तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि दोन फळं तोडली. म्हणाली, "धरणीमाते, तुझं वाण तुला." मग पुढचा घोस, मग पुढचा. सासूनं कपाळाला हात लावला. म्हणाली, "अग, देवानं दिलेलं असं पाडतात का?" येसू म्हणाली, "आत्याबाई, एका लुगड्यात तिघी नेसल्या तर तिघी उघड्या." सासू विचार करत आत गेली.

एकवीस घोस विरळ झाले. बाविसावा राहिला. तो स्वैपाकघराच्या खिडकीशी होता. येसूनं त्यातल्या फळांना नावं ठेवली होती. हे बाबा, ही आई, ही मी. आता सांगा, कोणतं तोडायचं? तिनं तोडलं नाही. आजीला कुठं कळतंय, म्हणाली.

मग फुलपाखरं घिरट्या घालू लागली. फळावर अंडी घालतात, अळी आत शिरते. येसूनं काय केलं? परटाच्या घरी चिंध्यांना तोटा नाही. जुनी मलमल धुतली, फाडली, एकेका फळाला एकेक फडकं बांधलं. एकवीस फळं, एकवीस फडकी. सटवाजी बघून म्हणाला, "परटाचं झाड खरं, यानंही धुणं वाळत घातलं." खिडकीशी मात्र फडकं नीट बसेना, तीन फळं एकमेकांना रेटत होती. जिथं ती टेकली होती तिथंच अळी शिरली. बाबा गेले, आई गेली, मीही गेली. येसूनं तिन्ही काढून मातीत पुरली. त्या दिवशी ती जेवली नाही. सासूनं ताट झाकून ठेवलं.

बाकीची एकवीस वाढली. वैशाखात लिंबाएवढी, ज्येष्ठात पेरूएवढी, आषाढात तांब्याएवढी. एका दिवसाआड एक घागर, चुकली नाही. फांद्या वाकल्या, भुईला टेकायला आल्या. एक दिवस सटवाजी कुऱ्हाड घेऊन निघाला. अजून पंचमीला दहा दिवस होते. सटवाजी रानात गेला, पाच दुबेळकी लाकडं तोडून आणली आणि एकेक फांदीखाली टेकू दिला. म्हणाला, "धार लावून ठेवली होती, वाया कशाला घालवा?"

श्रावण आला. फडकी सोडली. आत एकेक फळ असं, की दोन हातांत धरावं. पंचमीला तीन दिवस राहिले तेव्हा सासूनं येसूला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, पाच डाळिंबं ओटीत घातली. येसूनं विचारलंही नव्हतं. सासू म्हणाली, "जा. शब्द पुरा झाला." असं म्हणताना तिचा आवाज का कापला, ते पुढं कळेल.

नवऱ्यानं गाढवावर बोचकं घातलं, दोघं निघाली. वाटेत एक गर्भारशी भेटली, सावलीत बसलेली, तोंडाला चव नाही म्हणून रडकुंडीला आलेली. येसूनं एक डाळिंब दिलं, चार राहिली. पुढं एक कुंभार भेटला, तापातून उठलेला. येसूनं एक डाळिंब दिलं, तीन राहिली. घाटात एक नवी नवरी भेटली, पहिल्यांदा सासरी चाललेली, मागं वळून वळून बघणारी. येसूनं एक डाळिंब दिलं आणि कानात सांगितलं, "बी टाकू नकोस, परसात लाव. पण पाणी बेतानं घाल." दोन राहिली. नवरा म्हणाला, "आता पुरे, तुझ्या आईला काय नेशील?" येसू म्हणाली, "दोन हात, दोन फळं, पुरे झाली."

माहेर आलं. कवाड लोटलं. समोर परसातली मूळ डाळिंबी, जिची फांदी येसूच्या ओटीत आली होती. झाड हिरवंगार, पानांवर पानं, फळ एक नाही. बुडाशी चिखल. आणि चिखलात उभी येसूची आई, वाकलेली, काखेत घागर. झाडाला म्हणत होती, "पी ग बाई, पोटभर पी, माझ्या येसूची तू."

आईनं मागं बघितलं. घागर हातातून सुटली, तेवढं पाणी आणखी झाडालाच गेलं. दोघी गळ्यात पडल्या. आई म्हणाली, "अग, तुझ्या वाटेला डोळे लावून रोज घागर घालते. मनाशी म्हटलं होतं, हिला फळ आलं की ते घेऊन लेकीला भेटायला जाईन, रित्या हातानं व्याह्याच्या दारी कशी जाऊ? पण तू गेलीस तशी हिनं एक फळ धरलं नाही."

बघा बायांनो. तिकडे लेक पाणी घालतेय, इकडे आई पाणी घालतेय. दोघी एका फळासाठी थांबल्या आणि दोघींच्या मायेनं दोन्ही झाडं वांझ राहिली.

येसू रडता रडता हसायला लागली. म्हणाली, "आई, झाडाला ताण दे." आईला ऐकू कमी येई. म्हणाली, "न्हाण? अग, न्हाण तर रोज घालते!" येसू हसली, नवरा हसला, गाढवसुद्धा ओरडलं. मग येसूनं आईला पाटावर बसवलं, एक डाळिंब ओटीत घातलं, दुसरं फोडलं. लालबुंद दाणे, माणकांसारखे. आईच्या तोंडात दात नव्हते, येसूनं रस काढून पाजला. आणि आजीची सगळी गोष्ट कानाशी तोंड नेऊन सांगितली, आधी ताण, मग खाण, शेवटी वाण.

आईनं ऐकलं. मग म्हणाली, "बरोबर आहे तुझ्या आजीचं. झाडाला ताण द्यावा. लेकीला देऊ नये."

येसू पंधरा दिवस राहिली. परत आली तेव्हा सासूनं विचारलं, "काय म्हणाली तुझी आई?" येसूनं जसं होतं तसं सांगितलं. धुरपदा पदराशी चाळा करत बसली. मग हळूच म्हणाली, "येसू, मला एक भाऊ आहे. बारा वर्षं झाली, मी गेले नाही. घरचं सोडून कशी जाऊ, रिती कशी जाऊ, असं म्हणत राहिले. तुला नेमात धरलं ना, मला वाटायचं सगळ्यांचं असंच असतं." येसू उठली. झाडावरची दोन डाळिंबं काढली, सासूच्या ओटीत घातली. म्हणाली, "आत्याबाई, उद्या निघा. धुणं आम्ही बघतो." आणि खरंच, दुसऱ्या दिवशी धुरपदा गाढवावर बसून भावाकडे गेली. येताना दहा वर्षांनी लहान होऊन आली.

तेव्हापासून परटाच्या घरी नेम बदलला. फळ लागो न लागो, पंचमीला लेकीसुनांनी माहेरी जायचं. डाळिंबी मात्र दरसाल लागली. मार्गशीर्षात ताण, माघात खाण, श्रावणात वाण. आईच्या परसातली मूळ डाळिंबीही पुढच्या साली लागली, तिचं एकेक फळ घागरीएवढं मोठं, असं आई सांगायची. आई जरा वाढवून सांगायची. सटवाजीनं दुसरी भट्टी दारापुढं रचली आणि तिची राख दर माघात परसात नेऊन घातली.

जशी फळाई येसूला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. जिच्या परसात झाड रुसलं असेल तिचं फळो. जिचं माहेर दुरावलं असेल तिला वाट मिळो. ज्या आईनं फळासाठी लेकीला थांबवलं असेल तिला आजच सांगावा जावो.

आता मूठ उघडा. दाणे झाडाच्या बुडाशी ठेवा, नमस्कार करा. ठमाबाई, तांब्या खाली ठेवा, आत्ता काय सांगितलं? ही साठां उत्तरांची कहाणी, पांच दाण्यांत सांगितली, पांचा उत्तरी परसात सुफळ आणि माहेरात संपूर्ण.